घाटकोपरचे लेखक आणि मढची भरती

मढच्या धक्क्यावरून आम्ही निघालो तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते आणि खाडी काठोकाठ भरलेली होती. होडीत मी आणि माझ्या चौथीच्या वर्गातली तीन मुले होती. फिलोमिना आणि तिचा चुलतभाऊ अंतोन पहाटेची मिसा (चर्चमधली प्रार्थना) आटोपून थेट धक्क्यावर आले होते, आणि टपालवाल्यांची कमळ आईने घट्ट घातलेल्या दोन वेण्या सावरत आली होती. वल्ह्यावर फिलोमिनाचे वडील पावलू होते. त्यांनी निघताना माझ्या मांडीवर एक करंडी ठेवली. आत सुके बोंबील होते.

"बाई, लिवनाऱ्या मानसाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये," ते म्हणाले.

नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही चाललो होतो घाटकोपरला, एका लेखकाला भेटायला. नाशिकहून मी मढच्या शाळेत आले तेव्हा माझ्या ट्रंकेत 'सात पोरांचं गलबत' नावाचे पुस्तक होते. शनिवारी शेवटच्या तासाला मी ते वर्गात वाचून दाखवी. सात मुले पुनवेच्या संध्याकाळी घरच्यांना न सांगता होडी ढकलतात आणि एका बेटावर जातात, अशी ती गोष्ट. वर्ग इतका रंगून ऐके की घंटा झाली तरी कोणी उठत नसे. एकदा अंतोनने विचारले, "बाई, हे लिवनारा मानूस कधी मेला?" क्रमिक पुस्तकातल्या बहुतेक कवींच्या नावापुढे मृत्यूचे साल असते, त्यामुळे पुस्तके लिहिणारी माणसे मेलेलीच असतात अशी मुलांची समजूत झाली होती. मी प्रकाशकांच्या पत्त्यावर लेखकांना, म्हणजे श्री. केशवराव आगट्यांना, पत्र टाकले. आठ दिवसांत पोस्टकार्ड आले: "मी जिवंत आहे. मुलांना खात्री करून घ्यायची असेल तर येत्या रविवारी घेऊन या."

वेसाव्याला (वर्सोव्याला) उतरून आम्ही अंधेरीपर्यंत टांगा केला. दोन्ही बाजूंना ताडाची झाडे, मधूनच एखादा बंगला, आणि मग भातखाचरे. कमळ टांगेवाल्याशेजारी बसून घोड्याचे नाव, वय आणि खाणे विचारत होती. मागे माझ्याजवळ बसलेली फिलोमिना मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. अखेर ती म्हणाली, "बाई, त्या पुस्तकात एक खोटं हाय."

"खोटं म्हणजे?"

"पुनवेला तिन्हीसांजेला दर्या भरलेला नसतो. सुकती (ओहोटी) असते. होडी चिखलात बसते. मी त्यांना सांगनार."

वर्षभर ते पान मी किती वेळा वाचले होते, पण नाशिकच्या माणसाला हे कुठून कळणार? तरी मी म्हटले, "आज नको गं. त्यांनी एवढ्या प्रेमाने बोलावलंय. पहिल्याच भेटीत चूक काढायची नसते."

तिने मान हलवली, पण ती मान होकाराची होती की नकाराची, ते कळले नाही.

अंधेरीहून गाडीने दादर, आणि तिथे गाडी बदलून घाटकोपर. या प्रवासात करंडीचा फार उपयोग झाला. आम्ही डब्यात शिरलो की दोन स्टेशनांत आजूबाजूची मंडळी एकेक करून पलीकडे सरकत, आणि आम्हाला ऐसपैस बसायला मिळे. आपले लोक फार सभ्य आहेत असे कमळचे मत झाले.

घाटकोपरला उतरल्यावर एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला लांबवर मिठागरे दिसली. केशवराव एका दुमजली चाळीत वरच्या मजल्यावर राहत. मुलांनी वाटेत त्यांचे चित्र नक्की करून टाकले होते. त्यांना दाढी असणार, आवाज मोठा असणार, दंडावर गोंदलेला नांगर असणार. दार उघडले ते एका किडकिडीत, चष्मेवाल्या गृहस्थांनी. उकाड्याचे दिवस असूनही त्यांच्या गळ्यात मफलर होता.

"केशवराव आगटे घरी आहेत का?" अंतोनने त्यांनाच विचारले.

"आहेत," ते म्हणाले, "पण तुला पसंत पडतील असं दिसत नाही."

आत दोन खोल्या होत्या. शारदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, करंडीवरचे फडके उचलले आणि त्यांचा चेहरा फुलला. त्या मूळच्या मालवणच्या. "अहो, बोंबील," त्या म्हणाल्या. केशवराव साताऱ्याकडचे, त्यांनी नाकाला मफलर लावला आणि खिडकी उघडली. तेव्हा मफलरचा एक उपयोग आम्हाला समजला.

पोहे आले, वर ओले खोबरे. मुले हळूहळू मोकळी झाली. "गोष्ट सुचते कशी?" "चूक झाली की छडी कोण मारतो?" केशवराव विमा कचेरीत कारकून होते, रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी तासभर लिहीत. टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा होता. "याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे," ते म्हणाले. "ही तपासायची प्रुफं. मंगळवारी छापखान्यात परत द्यायची. आता तुम्ही सांगा, तुम्हाला पुस्तकात काय आवडलं नाही?"

मी फिलोमिनाकडे पाहायचे टाळले. पण त्यांनी नेमके तिलाच विचारले, "तू काहीच बोलली नाहीस. तुला आवडलं नाही का?"

"आवडलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे एकदा बघून तिने सांगूनच टाकले. "पन ती होडी निघनारच नाय. पुनवेला पानी दुपारी बाराला भरतं आनि रातच्या बाराला. सांजचा नुसता चिखल. पोरं गुडघाभर रुततील."

केशवरावांनी चष्मा काढला. ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. इतक्या लांबून येऊन आपण एका सज्जन माणसाचा त्याच्याच घरात अपमान केला, असे वाटून मला बसवेना. फिलोमिनाचे डोळे भरून आले होते. "त्यांनी इचारलं म्हून मी सांगितलं," ती पुटपुटली.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात भिंतीवरचे पंचांग होते.

"मी समुद्र चौपाटीवरून पाहिलाय, दोनदा," ते म्हणाले. "होडीत कधी बसलो नाही. पुनवेला भरती मोठी असते एवढं ऐकलं होतं. ती किती वाजता येते हे विचारायचं सुचलंच नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून शारदाबाई म्हणाल्या, "माका कोण इचारता? मी घरातच होते की."

केशवरावांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग फिलोमिनाकडे, आणि ते हसू लागले. अंतोनला हसायला तेवढेच निमित्त पुरले. मग सगळीच हसली. सर्वांत शेवटी फिलोमिना हसली, नाक पुसत.

"पण आता माझी वाट लागली," ते म्हणाले. "चांदण्यात होडी निघाली नाही तर पुढची सगळी गोष्टच बसली. आणि बाराला निघावं, तर सातांच्या आया तोपर्यंत त्यांना शोधून काढतील." त्यांनी पंचांग उलगडले. "आज अष्टमी. पुढच्या रविवारी पुनव आहे. मी स्वतः येऊन पाहिलं तर चालेल? छापखान्याला आठ दिवस थांबायला सांगतो. रागावतील, रागावू देत."

"या," फिलोमिना म्हणाली. "चपला जुन्या घाला."

परतताना वेसाव्याला पोचलो तेव्हा खाडी पुन्हा भरत आली होती. पावलू होडी घेऊन उभेच होते. लेक काय सांगते इकडे त्यांचे कान होते. "तो मानूस येनार हाय पुनवेला," ती म्हणाली. "त्याला चिखल बघायचाय." पावलूंनी वल्हे थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. पुढे बराच वेळ ते स्वतःशीच हसत वल्हवत होते.

मी मात्र विचारात पडले होते. मुलांना लेखक दाखवायला म्हणून मी निघाले होते, आणि वाटेत फिलोमिनाचे तोंड बंद करायला मीच बघत होते. चूक काढू नये हे मला लहानपणी कोणी शिकवले, आठवत नाही. पण मी ते फार मनापासून शिकले होते.

पुढच्या रविवारी केशवराव आणि शारदाबाई खरेच आले. सूर्य बुडायला आला तशी खाडी रिकामी झाली, होड्या कलंडून पडल्या. केशवराव धोतर खोचून होडीपर्यंत जायला निघाले आणि चौथ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. पावलूंनी त्यांना होडीत ओढून घेतले. पाय आले, एक चप्पल आली नाही. पलीकडे चंद्र वर येत होता आणि सबंध चिखल तांब्याच्या परातीसारखा चकाकत होता. मढला वर्षभर राहून मी तो असा कधी पाहिला नव्हता.

केशवरावांनी खिशातून वही काढली. "आता माझ्या सात पोरांनी काय करायचं?" त्यांनी फिलोमिनाला विचारले.

ती काठावर उकिडवी बसली होती. तिने विचार केला. "बसू दे त्यांना होडीत. भूक लागंल, भांडतील. एक जन घरी जातो म्हनेल. मग पानी येईल."

केशवराव लिहीत राहिले. कलंडलेल्या होडीत, एका पायात चप्पल घातलेली, शर्टाला चिखल लागलेला, आणि शारदाबाई काठावरून सांगत होत्या, "अहो, ती काय म्हणते ते नीट लिहून घ्या."