फुकटच्या मिक्सरबद्दल माझ्या सुनेची साक्ष

अर्जदार : मी, कोल्हापुरात कचेरीबाहेर वीस वर्षे अर्ज लिहिणारा. वार : गुरुवार, सकाळ. ठिकाण : आमचे स्वयंपाकघर. साक्षीदार : माझी पत्नी, जी त्या दिवशी दुपारपर्यंत शिंकत होती. घरची माणसे असल्याने नावे दिलेली नाहीत.

माझी सून स्वयंपाकाच्या वस्तू वापरून त्यांच्याविषयी विक्रीच्या संकेतस्थळावर अभिप्राय लिहिते. त्यासाठी कंपन्या तिला त्या वस्तू फुकट पाठवतात. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असले, तरी कागदावरून माणसाचा हेतू ओळखण्याचा माझा अधिकार तालुक्यात मान्य आहे. फुकट घेणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये, असे माझे ठाम मत होते.

अशात एक मिक्सर आला. अभिप्राय पसंत पडल्यास पुढे घरघंटी पाठवू, असे कंपनीने कळवले. घरी दळणाचा व्यवसाय काढावा, हे फार दिवसांपासून सुनेच्या मनात होते. म्हणून मी माझे मत बाजूला ठेवले आणि मिक्सर सुरू होण्यापूर्वीच दीड पान मजकूर सुवाच्य अक्षरात सिद्ध केला : "सदर यंत्र सर्वतोपरी निर्दोष असून..."

"मामंजी, आधी कांदा-लसूण मसाला तर करून बघूया की," सून म्हणाली.

तिसऱ्या फेरीला झाकणाच्या कडेने मिरचीची पूड उडाली आणि आम्ही तिघे अंगणात पळालो.

"आता काय लिहिणार?" मी डोळे पुसत विचारले.

"झालं ते."

"आणि घरघंटी?"

"गडमुडशिंगीची माझी मावशी माझं वाचून मिक्सर घेणार हाय. तिच्या डोळ्यात मिरची गेल्यावर घरघंटी काय चुलीत घालू?"

"ते दीड पान द्या हिकडं," पत्नी म्हणाली. "नाक पुसायला तरी हुईल."

मग सुनेने मला विचारले, "साक्षीदार आला की तुम्ही पहिल्यांदा काय विचारता?"

"पक्षकाराशी नाते."

"मग माझंबी नातं वर लिहायला पायजे न्हवं?"

तिने पहिल्याच ओळीत लिहिले : मिक्सर फुकट मिळाला आहे, चांगले लिहिल्यास घरघंटी मिळणार आहे. त्याखाली मोटार दमदार, मसाला बारीक, पण झाकण सदोष, असे जसेच्या तसे. मी पुष्कळ साक्षी लिहून घेतल्या आहेत. स्वतःचा लोभ आधी स्वहस्ते नोंदवून मग खरे सांगणारी व्यक्ती मी त्या दिवशी प्रथमच पाहिली, आणि ती माझ्या घरात आहे याचा मला अभिमान वाटतो. तेव्हापासून माझे मतही दुरुस्त झाले आहे : फुकट घेतलेले जो आधी सांगतो, त्याचे पुढचे वाचावे.

घरघंटी आली नाही. चौथ्या दिवशी तिचा अभिप्रायही संकेतस्थळावरून काढण्यात आला. कारण एवढेच : नियमांत बसत नाही. त्याच मिक्सरची नुसती स्तुती करणारे अभिप्राय मात्र जागेवर आहेत. मावशी अजून फोन करून विचारते, "घ्यू का नको?"

सबब, संकेतस्थळाच्या चालकांस विनंती की, कोणता नियम मोडला ते लेखी कळवावे. तसा नियम नसल्यास सदर अभिप्राय पहिल्या ओळीसह पूर्ववत लावण्यात यावा. घरघंटीबाबत आमचे काहीही मागणे नाही.