कांडपाच्या मंडपातली निवडणूक

विधानसभेच्या निकालाच्या दिवशी आमच्या वस्तीवर गुलाल फक्त आमच्या दारात उडाला. माझ्या नवऱ्यानं तो उडवला आणि घरात येऊन माझ्या, सासूबाईंच्या आणि गोठ्यातल्या गाईच्याही कपाळाला लावला. वस्तीवरची बाकीची घरं गप्प होती. आमच्याकडं ऊसवाले जास्त, आणि त्यांचा कल दुसऱ्या बाजूला होता. पण सत्तेत होते तेच पुन्हा सत्तेत आले होते, आणि नवरा तर प्रचारात मोटरसायकलवर झेंडा लावून फिरला होता.

मी मूळची दौंडची, रेल्वेच्या रुळांपलीकडं वाढलेली. लग्न होऊन नदी ओलांडली आणि शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या अलीकडच्या या वस्तीवर आले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासरे गेल्यानंतर शेत आणि घर दोन्ही त्यांनीच सांभाळलं. चारचौघांत मात्र त्या कधी बोलायच्या नाहीत. देवळात कार्यक्रम असला तर खांबामागं बसायच्या, आणि कुणी काही विचारलं तर "पोराला इचारा" म्हणायच्या.

निकालानंतर चार-आठ दिवस वस्तीवर दुसरा विषयच नव्हता. डेअरीवर दूध घालायला गेलं तरी तेच, एसटीच्या थांब्यावर तेच. आणि सगळ्यांचं बोलणं फिरून फिरून बायकांवर यायचं. सरकारनं बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकायला सुरुवात केली होती, त्यामुळंच निकाल फिरला असं जो तो सांगत होता. जिंकलेले म्हणायचे, बहिणी आमच्याच. हरलेले म्हणायचे, बायका विकल्या गेल्या. बायकांना मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

याच दिवसांत आमच्या बचत गटाच्या मिरची कांडपाचं उद्घाटन ठरलं. यंत्र येऊन पडलं होतं कधीचं, पण आचारसंहिता लागली आणि कार्यक्रम पुढं गेला. शेड ज्या जागेत उभं राहिलं ती जागा आप्पांनी दिलेली. आप्पा म्हणजे आत्यांचे चुलत दीर, वस्तीतले मोठे बागाईतदार, साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेले. माणूस चांगला, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा, पण आपण बोलतोय तेच खरं अशी सवय लागलेला. निवडणुकीत त्यांनी जीव तोडून काम केलं होतं, आणि त्यांची बाजू पडली होती. उद्घाटन त्यांच्याच हातून करायचं हे गटानं आधीच ठरवलेलं. निकाल काही का लागेना, दिलेला शब्द बदलायचा नाही, यावर सगळ्या बायकांचं एकमत होतं.

मी गटाची सचिव, त्यामुळं माईक माझ्याकडं. सकाळी मंडपात सतरंज्या पसरल्या, पुढं खुर्च्या मांडल्या, यंत्राला हार घातला. लोक जमले. सगळं वेळेवर झालं आणि मग लक्षात आलं की लाईट सिंगल फेजच आहे. यंत्र चालायला थ्री फेज लागते, ती दुपारच्या आत येणार नव्हती. जमलेल्या माणसांना बसवून ठेवायचं कसं? मी म्हणलं, "तोवर आप्पा दोन शब्द बोलतील."

आप्पा उठले. गटाचं कौतुक केलं, आईवडिलांच्या आठवणीसाठी जागा दिल्याचं सांगितलं. तिथंच थांबले असते तर काहीच झालं नसतं. पण समोर माणसं होती, हातात माईक होता आणि मनात निकाल सलत होता.

"आता बघा," ते म्हणाले, "कांद्याची निर्यात बंद केली, तवा कांदा रस्त्यावर फेकायची पाळी आली. उसाच्या रसापासनं इथेनॉल करायचं म्हणून कारखान्यांनी पैसे घातले, आन् मग त्यालाबी आडवं लावलं. दुधाला भाव न्हाई, खत महाग. शेतकऱ्याच्या मालाला नीट भाव द्या, म्हंजी कुणाच्या खात्यात पैसे टाकायची गरजच पडत न्हाई. ही साधी गोष्ट हाय. पन ती कुणाला सांगायची? आमच्या बायाबापड्यांनी महिन्याच्या पैशासाठी मतं विकली. विकत गेली आपली मतं."

पुरुषांकडच्या बाजूनं एकदोघांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या. माझं अंग तापलं. आता आभार मानायचे आणि विषय संपवायचा, हे सचिव म्हणून माझं काम होतं. पण माझ्या तोंडून आभार निघेनात.

तेवढ्यात बायकांतून एक आवाज आला. "आप्पा, मी बोलू का?"

त्या आमच्या गटातल्या मावशी. विहाराशेजारी राहतात, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला, कांदे काढायला जातात, आणि गटाच्या प्रत्येक बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. आप्पांच्या रानातही त्यांनी कित्येक वर्षं काम केलेलं. मी जाऊन त्यांच्या हातात माईक दिला. त्यांनी तो हनुवटीला टेकवला.

"मी पैशासाठीच मत दिलं," मावशी म्हणाल्या. "लपवून कशाला ठेवू? माझ्या नावावर पहिल्यांदा कायतरी आलं. नवऱ्याला न मागता मी डोळं तपासून घेतलं, चष्मा घेतला. आप्पा, तुमी मत देताना उसाचा भाव बघता. त्याला तुमी धोरण म्हणता. मी माझ्या खात्यात काय येतंय ते बघितलं, तर ते विकणं कसं झालं?"

कुणीतरी हसलं. आप्पा मात्र हसले नाहीत. ते खरोखर विचारात पडलेले दिसत होते.

"तसं न्हाई," ते म्हणाले, "भाव वाढला तर सगळ्या गावाचंच भलं हाय की. शेतकऱ्याकडं पैसा आला, तर तो मजुरी वाढवून दील, दुकानात खरेदी करील. वरून पैसे वाटून गाव उभं राहत न्हाई, मावशी."

"कांद्याला चांगला भाव आला होता तवा मी तुमच्याच रानात होते," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रोजच्या बोलण्यासारखाच होता. "तवा मजुरी वाढली का? तुमी म्हणलात, पुढल्या वर्षी बघू. तुमी वाईट हाय असं मी म्हणत न्हाई. पन भाव तुमच्यापशी येतो आन् तिथंच ऱ्हातो. माझ्याकडं ना ऊस, ना कांदा."

आता पुरुषांची बाजू ढवळली. एकजण म्हणाला मजुरी वाढली तर शेती परवडत नाही. दुसरा म्हणाला, रोजगार हमीची कामं नीट काढली तर खात्यात फुकट टाकण्यापेक्षा बरं. एक म्हातारे मामा म्हणाले, पैसे देताहेत ते कर्ज काढून, फेडणार कोण? प्रश्न चांगला होता. माझा नवरा उभा राहिला. तो रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत जातो.

"रस्ते झाले, कंपन्या आल्या, म्हणून तर आपली पोरं कामाला लागली," तो म्हणाला. "शेतीत आता हाय काय? सरकार कंपन्या आणतंय, त्याला मत दिलं, त्यात काय चुकलं? आमच्या घरानं सगळी मतं तिकडंच दिली."

"आमच्या घरानं म्हणू नको."

आवाज इतका ओळखीचा होता की मला क्षणभर कळलंच नाही की तो मंडपाच्या खांबामागून आलाय. आत्या उठल्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट करत त्या पुढं आल्या. मी मावशींकडून माईक घेऊन त्यांच्यापुढं धरला, त्यांनी तो हातानं बाजूला सारला. त्यांना त्याची गरज नव्हती.

"वहिनी, तुमी बसा," आप्पा मऊ आवाजात म्हणाले. "तुमाला उद्देशून न्हाई बोललो मी."

"मलाच बोललात," आत्या म्हणाल्या. "माझ्याबी खात्यात पैसे येतात. मी घेतले, आन् घेणार. ते कुणाच्या घरचे न्हाईत, मी काडेपेटी घेते त्यातबी कर भरते. पन मत मी तिकडं दिलं न्हाई. भावजी, मी तुमच्याच माणसाला दिलं."

मंडपात असा हशा उठला की यंत्रावरचा हार हलला असेल. आप्पा तोंड उघडं टाकून उभे. मतं विकली म्हणून ज्या बाईला भरमंडपात सुनावलं, तिचं मत त्यांच्याच पेटीत पडलेलं! माझा नवरा तर खालीच बसला. गाईसकट सगळ्या घराला गुलाल लावलेला त्यानं.

हसू ओसरेपर्यंत आत्या थांबल्या. "पन तुमच्या सांगण्यावरनंबी न्हाई दिलं," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा कंपनीत जातो. इतकी वर्षं झाली, अजून ठेकेदाराचाच माणूस हाय. मधी मधी ब्रेक देतात आन् पुन्हा नव्यानं घेतात. लगीन झालं, पोरगी झाली, हा अजून नवाच. कंपन्या आल्या, चांगलं झालं. पन कायम कोण करणार, ते मला कुणीच सांगंना. तुमचा माणूस सभेत त्यावर बोलला, म्हणून दिलं. आता हरला. हरू दे. मला वाटलं तिकडं मी दिलं, मावशीला वाटलं तिकडं तिनं दिलं. दोघींची मतं खरी हायेत. विकली कुणीच न्हाईत."

एवढं बोलून त्या परत खांबाकडं निघाल्या. मावशींनी सरकून त्यांना शेजारी जागा केली, आणि त्या तिथं, बायकांच्या मधोमध, बसल्या. दोघींनी एकमेकींच्या उलटं मत दिलेलं. मावशी काहीतरी पुटपुटल्या, आत्यांनी त्यांना कोपरानं ढोसलं, दोघी हसल्या.

मी कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली, पण मी त्या मंडपात नुसती माईक धरून उभी होते, आणि त्याचंही मला काही वाटत नव्हतं. त्या दोघी माझ्या गटातल्या आहेत, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं.

सगळे आप्पांकडं बघत होते. ते चिडून निघून जातील अशी मला धास्ती होती. जागा त्यांची, मान त्यांचा. त्यांनी टोपी काढली, टक्कलावरून हात फिरवला, पुन्हा घातली.

"विकली हा शब्द मी मागं घेतो," ते म्हणाले. "चुकीचा गेला. वहिनी, मावशी, मनावर घेऊ नका." मग लगेच बोट वर करून म्हणाले, "पन भावाचं जे बोललो, ते मागं घेत न्हाई. ते खरं हाय."

"घेऊ नका की," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मीबी मजुरीचं मागं घेत न्हाई."

या वेळी टाळ्या दोन्हीकडून पडल्या, आणि सर्वांत जोरात आप्पांनीच वाजवल्या.

त्यानंतर थ्री फेज येईपर्यंत मंडपात जी चर्चा झाली, तशी मी टीव्हीवर कधी ऐकलेली नाही. निर्यात कायमची खुली ठेवली तर शिरूरच्या बाजारात गरिबाला कांदा परवडेल का, कंपनीनं कायम करायचं ठरवलं तर ती दुसऱ्या राज्यात निघून जाईल का, मामा म्हणाले त्या सरकारच्या कर्जाचं काय. भय्या म्हणून हाक मारतात तो बिहारचा वेल्डर, ज्यानं शेड उभं केलं, तोही मध्येच म्हणाला, "हमारे गाँव में भी यही झगड़ा है." आवाज चढले, पण कुणी कुणाची जात काढली नाही, कुणी उठून गेलं नाही. चहा दोनदा झाला. एकमत काही झालं नाही, आणि ते व्हावं अशी कुणाची अपेक्षाही दिसली नाही.

दुपारी बल्ब लख्ख झाला आणि कुणीतरी ओरडलं, "आली!" आप्पांनी नारळ फोडला, बटण दाबलं. यंत्र धडधडायला लागलं, मिरचीचा खकाणा उठला आणि सगळा मंडप शिंकत बाहेर पळाला. शिंकण्यात कुठला पक्ष नव्हता, असं नवरा म्हणाला. तेव्हा मला कळलं की तो सावरलाय.

घरी जाताना तो आत्यांच्या बरोबरीनं चालत होता. म्हणाला, "आई, मला आधी सांगायचं तरी. मी माझ्याच मनानं सांगत सुटलो, आमच्या घरातनं येवढी मतं."

"तू इचारलंस का मला?" आत्या म्हणाल्या. "सांगितलंस. इचारलं न्हाईस."

त्यानं मान हलवली. "माझ्यापायी दिलंस व्हय तू ते मत?"

"तुझ्यापायी आन् तुझ्या पोरीपायी. तुला पटत नसंल तर तू तुझं दे." आणि पुढं म्हणाल्या, "तूबी रस्ते बघून दिलंस, ते काय वाईट न्हाई. आपल्या वस्तीचा रस्ता खरंच चांगला झालाय."

पुढच्या आठवड्यात आप्पांच्या घरची मिरची कांडपाला आली. पोतं घेऊन त्यांचा गडी येईल असं वाटलं होतं, पण आप्पा स्वतः आले. कांडप चालू होतं तोवर मावशींशी मजुरीवरून त्यांचा पुन्हा वाद सुरू झाला. मावशींनी सांगितलं, यंदा मजुरीला जाणाऱ्या बाया सगळ्या मिळून दर ठरवणार आणि मगच रानात उतरणार. आप्पा म्हणाले, "परवडायला तर पाहिजे," आणि मग, "बसून बोलू." पोतं खांद्यावर मारताना ते मला म्हणाले, "सूनबाई, तुमच्या गटातल्या बाया लई वाद घालतात."

"व्हय आप्पा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जरा जास्त ताठ वाटला. "घालतात."