लोखंडी डोंगर

मोटार प्रदर्शनातल्या जीपच्या दालनात कंपास आणि ग्रँड चेरोकी दिव्यांखाली झगमगत होत्या, पण खरी रांग बाहेर रँगलर जीपपाशी होती. तिथे लोखंडी पट्ट्यांचा एक डोंगर उभारला होता. लोकांना गाडीत बसवून त्यावरून नेण्याचं काम मास्तरीणबाईंकडे होतं. गावातल्या निम्म्या बायकांना त्यांनीच मोटार शिकवली, म्हणून हे नाव पडलेलं. आता केस पांढरे झाले होते, पण हात अजून तसाच स्थिर होता.

दुपारी रांगेतून त्यांचा थोरला भाऊ पुढे आला. "हे पोरींचं काम नाही," म्हणून वडिलांच्या जीपची किल्ली एकेकाळी यानेच लपवली होती. बाई मग शेजारच्या टेम्पोवाल्याकडे शिकल्या.

"बस दादा, पट्टा लाव."

गाडी चढाला लागली. माथ्यावर काचेतून नुसतं आभाळ दिसू लागलं, तशी दादाने समोरची दांडी घट्ट धरली.

"पुढे रस्ता दिसत नाही गं."

"आहे रस्ता. सकाळपासून त्याच्यावरूनच जातेय मी."

त्यांनी ब्रेकवरचा पाय अलगद सैल केला आणि गाडी मांजराच्या पावलांनी खाली उतरली.

दादाने उतरून सदरा सारखा केला. "हात चांगला बसलाय तुझा," तो म्हणाला. बाईंचा ऊर भरून आला, पण चेहरा त्यांनी ड्रायव्हरचाच ठेवला.

दादा पुन्हा रांगेच्या शेवटाकडे निघाला.

"आता काय?" बाईंनी विचारलं.

"मघाशी माथ्यावर डोळे मिटले होते. या वेळी बघतो."