हर्मेलिंदाचा अंगठा

हर्मेलिंदा आनचुंदियाच्या उजव्या अंगठ्याचं नख पिले गावात नावाजलेलं होतं. टोप्या विणायला लागणारी, टोकिया नावाच्या ताडासारख्या झाडाची पात ती त्या नखानं केसाइतकी बारीक चिरायची. एक्कावन्नाव्या वर्षी त्यावर उभी काळी रेघ उमटली. पातीचा डाग असेल म्हणून तिनं लिंबू चोळलं. वर्षभरात रेघ रुंदावली, तेव्हा लेक येसेनिया तिला ओढतच पोर्तोविएहो शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर किहिहेबाईंनी भिंगातून नख पाहिलं, मग बाकीची नऊही पाहिली.

"मार लागला होता?"

"नाही."

"साकळलेलं रक्त असतं, तर नखाबरोबर पुढं सरकलं असतं. हे रुंद होतंय. नख काढून मुळातला तुकडा तपासू. कर्करोगाची शंका आहे."

"नख परत येईल?"

"आलं तरी वाकडंतिकडं."

हर्मेलिंदानं हात मांडीखाली दडवला. "टोपी अर्धी झालीय. ती संपली की येते."

बसमध्ये येसेनिया भडकली. "ती टोपी तू घालणार आहेस का गं आई?"

"गप बस! तुला एक कड धड विणता येत नाही, नि मला अक्कल शिकवतेय."

टोपीला सात महिने लागले. कार्निवलच्या सुमारास काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला. तिनं तो पाहिला आणि वर चिंधी गुंडाळली. टोपी मात्र इतकी तलम उतरली, की बायका हात लावायला बिचकायच्या.

मग ती डॉक्टरबाईंकडे गेली. तपासणीत कर्करोगच निघाला, मेलेनोमा. अंगठा सांध्यापासून काढला. काखेतली एक गाठ काढून पाहिली, तर तिच्यातही तो पोचलेला. आता दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध.

"तेव्हाच आले असते तर?" तिनं विचारलं.

"अंगठ्याचा शेंडा बहुधा तेव्हाही गेला असता," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "काखेपर्यंत पोचलं नसतं, असं मला वाटतं. खात्रीनं नाही सांगता येणार."

महिन्याभरानं शेजारची फ्लोरिपेस भेटायला आली. तिच्या नखावर बारीक तपकिरी रेघ होती. हर्मेलिंदानं दुसऱ्या दिवशी पहाटेच तिला पोर्तोविएहोच्या बसमध्ये बसवलं. संध्याकाळी फ्लोरिपेस हसत परतली.

"साधा डाग आहे म्हणे! फोटो काढून ठेवलाय, सहा महिन्यांनी बोलावलंय."

"बरं झालं गं बाई," म्हणत हर्मेलिंदानं तिला कॉफी दिली, भाजलेलं केळं दिलं.

फ्लोरिपेस घरी गेल्यावर हर्मेलिंदा ओट्यावरच बसून राहिली. फ्लोरिपेस पहाटे गेली, संध्याकाळी आली. एक दिवस. टोपीला सात महिने. येसेनियानं जेवायला दोनदा हाक मारली, तरी ती उठली नाही.