कमरेत सुई का पुरी भूल

देवीवर माहा भरोसा पयल्यापासून पक्का. माह्या अकलेवर मातर नाई.

कपाशीनं साऱ्यायलेच रडवलं, त्या सालातली गोष्ट. बायकोची गर्भाची पिशवी काढाची होती, यवतमाळच्या दवाखान्यात. भुलीची डॉक्टरीन म्हने, "कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करू, नाई त पुरी भूल देऊन झोपवू. यायले दमा, खोकला हाये का?" बायकोनं तोंड उघडाच्या आंधी मीच बोललो, "काई नाई, ठणठणीत हाये!" आमच्याकडं बायकोले इचारलं का नवराच उत्तर देते. डॉक्टरीन म्हने, "मंग दोन्ही जमते. दोघं मिळून ठरवा अन् सांगा."

बाहेर आलो. संग आलेली शेजारीन म्हने, सुईनं कंबर जन्माची जाते, मंग कापूस कोन वेचन? साळा म्हने, पुऱ्या भुलीतून मानूस उठतच नाई. माही त बुद्धीच बधिर झाली, सुई न घेता.

फाटकाजवळ लिंबाखाली देवीचं ठानं होतं. म्हनलं, हिलेच इचारू. एक लाल, एक पांढरं फूल पान्यानं मूर्तीले चिकटवलं अन् डोये मिटून बसलो. पांढरं पडलं. खुशीत उठलो अन् तिथंच थिजलो. पांढरं कायचं अन् लाल कायचं, हेच ठरवाचं राह्यलं होतं!

बाजूले एक म्हातारी बसली होती, कोन कुठली. हासून हासून तिच्या डोयात पानी आलं. "काहून रे बावा, कायचा कौल लावून राह्यला?" मी सारं सांगतलं. म्हने, "पोट कोनाचं चिरनार हाये? तुहं? मंग जिचं हाये तिले इचार ना! देवीले कायले तरास देतं?"

गेलो. बायको वार्डात खाटेवर भिंतीले टेकून बसली होती. म्हनलं, "तुले काय पायजे व?" ती माह्याकडं पाहतच राह्यली. मंग हळूच म्हने, "मले झोपवू नका. आडवी झालो का दम कोंडते. कापसाच्या जिनिंगात मजुरी करून रुई छातीत बसली हाये. किती दिवसापासून मी बसूनच झोपतो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"कवा सांगू? तुमी त पडल्याबरोबर घोरता."

धावत जाऊन डॉक्टरनीले सांगतलं. तिनं छाती तपासली. म्हने, "बरं झालं सांगतलं. पुरी भूल यायले जड गेली असती." आंधी दम्याची दवा सुरू केली. छाती मोकळी झाली, मंग कमरेत सुई देऊन, उशाकडून उंच ठेवून आपरेशन केलं.

बाहेर आली ती जागीच. म्हने, "अवो, मले आत सारं आयकू येत होतं. बैलावानी काहून हंबरून राह्यलते?"

म्हनलं, "भजन म्हनत होतो."

ती म्हातारी मंग कुठं दिसली नाई. कोनी म्हनते देवीच होती. मले ठाव नाई, अन् मी खोदूनबी पाहत नाई. देवीवर हवाला टाकनं म्हनजे डोये मिटून बसनं, असं मले वाटे. तिनं त माहे डोये उघडून मले बायकोच्या खाटेपाशी धाडलं. आता दवा चालू हाये, अन् दुपारच्याले बायको घडीभर बिनघोर आडवी होते. तिचा श्वास सुरयीत चालते. तेवढा आयकतो अन् बसल्या जागी हात जोडतो. देवीपाशी मांगाले काई उरलंच नाई.