कोपरबाई

खोताच्या वाडीत त्यांना सगळे कोपरबाई म्हणत. कारण सरळ होते. कोणतेही दार त्या हाताने उघडत नसत. कोपर टेकवायच्या, खांद्याने रेटायच्या आणि दोन्ही हात छातीशी धरून आत शिरायच्या. दार लावणे हे कायम दुसऱ्याचे काम. "कोपरबाई आली, दार उघडा!" अशी पोरे ओरडत. त्या मान तुकवून म्हणत, "उघड रे मेल्या, लवकर." मराठी त्यांना दारावर येणाऱ्या कोळणीने शिकवली होती, त्यामुळे त्या सर्वांनाच अरेतुरे करीत.

मी त्यांना मादाम म्हणे. त्या मूळच्या हंगेरीच्या. पियानोवादक म्हणून युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत त्या वाजवून आल्या होत्या. पण त्यांचा जीव रमे तो पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांच्या मेळात. व्हायोलिन त्यांचे यजमान वाजवत. युद्धात ते गेले, चेलोवालाही गेला. "तिघांत मी उरले," एवढेच त्या सांगत. एक ट्रंक घेऊन मुंबईत उतरल्या आणि वाडीतल्या लाकडी घरात शिकवण्या करू लागल्या.

मी गिरगावातल्या शाळेत मास्तर. प्रार्थनेला पेटी वाजवी, तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला त्यांची स्वरलिपी शिकवली आणि पाने उलटायला शेजारी उभे केले. वादकाचे हात गुंतलेले असतात, म्हणून हे काम दुसऱ्याने करायचे. पहिल्याच दिवशी मी घाईने एक ओळ आधी पान उलटले. त्या थांबल्या.

"मास्तर, तू कागद बघतोस. माझा श्वास बघ."

तिघांच्या मेळात समोर उभे राहून ताल देणारा कोणी नसतो. तिघे एकत्र श्वास घेतात आणि त्यातून पहिला सूर निघतो. "आपला सूर आपल्याला ऐकू येतोच रे. बाजूचा ऐक." हे वाक्य मी पुढे वर्गात पुष्कळदा वापरले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या दिवसांत त्यांनी वाडीतले दोन वादक तयार करून पुन्हा तिघांचा मेळ उभा केला. फोर्टातल्या सभागृहात कार्यक्रम ठरला. यजमान गेल्यानंतरचा तो त्यांचा पहिलाच. "हे एक झालं की मग मला काही नको," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाला चार आठवडे उरले असताना मी मोर्च्यात गेलो. दुपारी रस्त्यावर गोळीबार सुरू झाला आणि आम्ही वाट फुटेल तिकडे पळालो. वाडीत सगळी दारे बंद. एकच उघडे होते. मादाम उंबऱ्यात उभ्या होत्या. उजव्या हाताने चौकट घट्ट धरलेली, डाव्या हाताने एकेकाला आत ओढत होत्या. "आत ये! तू पण! आत!" दहाबारा माणसे आत गेली. मी शेवटचा होतो. आत शिरलो, वळलो आणि दोन्ही हातांनी ते जड दार सर्व ताकदीनिशी लोटले.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, थोडं उघड."

उजव्या हाताची शेवटची दोन बोटे पुन्हा कधी वाकली नाहीत. शेजारच्या रोझीबाईंनी विचारले, "असं कसं झालं गो?" तेव्हा त्यांनी एवढेच उत्तर दिले, "दार जुनं आहे, जड आहे." माझे नाव त्यांनी कधीच घेतले नाही. मीही सांगितले नाही.

कार्यक्रम झाला. पियानोवर दुसरा वादक होता. त्याला त्यांनीच तयार केले होते. मी येणार नाही म्हणालो, तेव्हा त्या चिडल्या. "पान कोण उलटणार? माझा नाही, त्याचा श्वास बघ." मी गेलो. एकही पान चुकले नाही. त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. तिघांनी श्वास घेतला, तेव्हा त्यांचेही खांदे वर गेलेले मला दिसले.

कार्यक्रम संपल्यावर त्या दाराशी गेल्या. सवयीने मी पुढे धावलो; पण त्यांनी पितळी मूठ आपल्या हाताने धरली आणि दार उघडले. लोक बाहेर पडेपर्यंत ते तसेच धरून उभ्या राहिल्या.

"चल मास्तर," त्या म्हणाल्या.

याही वेळी शेवटचा मीच होतो.