धर्मशिक्षणाचा तास

पुण्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत मी नऊ वर्षं कॅथलिक मुलींना धर्मशिक्षण देत होते. लग्न ठरलं ते हिंदू मुलाशी. तो सॉफ्टवेअरमध्ये होता. चर्चमध्ये लग्न लावायला बिशपांची परवानगी लागणार होती, तसा अर्जही दिला होता. तेवढ्यात त्याचं अमेरिकेला जाणं ठरलं आणि पुढेमागे माझ्या व्हिसासाठी लग्नाचा दाखला हवा होता. आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या केल्या.

आठवड्याभरात मुख्याध्यापिका सिस्टरांनी बोलावलं.

"चर्चच्या दृष्टीने तुमचं लग्न झालेलंच नाही. तुम्ही धर्म शिकवू नये, असं आपल्या चर्चच्या फादरांनी कळवलंय."

"आणि नोकरी?"

"नोकरी त्याच विषयाची ना? राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देते."

मंडईजवळच्या एका वयस्कर वकिलांना मी नेमणूकपत्र दाखवलं. ते म्हणाले, "यात सहशिक्षिका लिहिलंय. चौकशीशिवाय काढता येणार नाही. आणि अहो, देवाला मध्ये आणू नका. तो साक्षीला येत नाही."

त्यांनी शाळेला द्यायची नोटीस लिहिली. त्यात एक वाक्य होतं : धर्मशिक्षण हा इतर विषयांसारखाच विषय असून तो कोणी शिकवावा हे ठरवण्याचा चर्चला अधिकार नाही.

"हे काढा," मी म्हटलं.

"काढलं तर निम्मी केस गेली."

"जाऊ दे. चर्चचा शब्द मानायचा, हे मीच मुलींना शिकवत आलेय."

अमेरिकेहून फोनवर नवरा चिडला. "तुला काढून टाकतायत आणि तू त्यांचीच बाजू घेतेस?"

ते वाक्य काढून नोटीस गेल्यावर शाळा नमली. नोकरी राहिली, मला भूगोल मिळाला, धर्मशिक्षण दुसऱ्या बाईंकडे गेलं.

त्या वर्षी माझ्या जुन्या वर्गातल्या मुलींचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद त्या पहिल्यांदाच घेणार होत्या. मी मागच्या बाकावर बसले. सगळे रांगेत पुढे गेले. आमचं लग्न चर्चला मान्य नसल्याने मला कम्युनियन घेता येत नव्हतं. परत येताना एक मुलगी थबकली आणि हळूच म्हणाली, "टीचर, तुम्ही नाही घेणार?"

मी तिला जागेवर जायची खूण केली.

नवरा परतल्यावर बिशपांची परवानगी आली. फादरांनी दोन साक्षीदारांसमोर आमचं लग्न लावलं, प्रेमाने माझा हात हातात घेतला. मी माझा तास परत मागितला.

"आता त्या बाई आहेत ना," ते म्हणाले.

निवृत्त होईपर्यंत मी भूगोलच शिकवला.